भांडीवाला तिंबक

तांबट लेन, नाशिक
२६ नोव्हेंबर १९८५

त्र्यंबकभाऊजी,

आशीर्वाद. पाकीट फोडून आधी खालची सही पाहिली असेल, तर हो, मीच. तुमची वहिनी चंद्रभागा. तीन वर्षांत तुम्ही आला नाहीत आणि आम्ही बोलावलं नाही, त्यामुळे रागवायला दोघांनाही तोंड नाही. काही मागायला लिहीत नाही, एवढं आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

परवा सकाळी दारात एक माणूस आला. पंचविशीचा, काटक, इस्त्रीचा शर्ट घातलेला. चपला बाहेर काढल्या आणि आपल्या उंबऱ्याला डोकं टेकवलं. मला वाटलं, देऊळ शोधत आला असेल. तर मला विचारतो, "साहेब डोळे मिटून बसायचे ती खोली हीच ना?" आणि पिशवीतून तुमचं पुस्तक काढलं. 'डोळे मिटा, श्रीमंत व्हा'. वरचा तुमचा फोटो छान आला आहे. कोट शोभतो तुम्हाला.

त्याला कोळशाची खोली दाखवली. दुसरी कुठली दाखवणार? पुस्तकात तुम्ही लिहिलंय की आतल्या अंधाऱ्या खोलीत चाळीस दिवस डोळे मिटून बसलो आणि एक्केचाळिसाव्या दिवशी लक्ष्मी दार ठोठावत आली. भाऊजी, त्या खोलीत तुम्ही घटकाभर नुसते बसलेले मला आठवत नाहीत. आत जायचात ते मी कोळसा आणायला पाठवलं म्हणून, आणि तेही तीनदा हाक मारल्यावर.

त्याच पानावर तुमच्या मोठ्या भावाबद्दलही आहे. 'माझा भाऊ जन्मभर हातोडी मारत राहिला आणि होता तिथेच राहिला.' तुमचं पहिलं भाषण पेपरात आलं तेव्हाही हेच वाक्य होतं, आणि त्या दिवसापासून मी तुमचं नाव टाकलं. तुमचे दादा मात्र टाकत नाहीत. त्यांना ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण हल्ली डावा कान अगदीच गेलाय. म्हणाले, "बरोबर आहे की. मारतोच आहे." आणि बंबाच्या पत्र्याकडे वळले. मला त्या दिवशी दोघा भावांचा सारखाच राग आला.

आता कामाचं. त्या माणसाचं नाव भिका. मूळचा पेठकडचा, डोंगरातल्या एका पाड्यावरचा. त्यांच्याकडची माणसं पावसाळ्यात भात-नागली करतात आणि उरलेलं वर्ष दुसऱ्याच्या शेतावर राबायला खाली उतरतात. हा त्यातून सुटला. अंबडला कारखान्यात लागला, दोन वर्षांपूर्वी परमनंट झाला. त्यांच्या पाड्यातला पहिलाच. बायको मंगला आणि तो चुंचाळ्याला एका खोलीत राहतात. आणि आता तुमचं शिबिर केल्यापासून हा कामावर जात नाही. 'नोकरी म्हणजे पिंजरा, दार उघडंच आहे, बाहेर पडा', असं तुम्ही सांगितलंत म्हणे. तो बाहेर पडला आहे. रोज सकाळी डोळे मिटून बसतो आणि लक्ष्मीची वाट पाहतो.

तुम्ही त्याला दोन ओळी लिहा. जास्त नकोत. पोस्टकार्ड चालेल. लिहा की मी डोक्यावर भांड्यांचा भारा घेऊन दहा-अकरा वर्षं पायी फिरलो. पेठ, हरसूल, सुरगाणा, एक पाडा सोडला नाही. सावळघाट चढताना ऊर फुटायचा. बाकीचे भांडीवाले नाव घालायला नाशिकला या म्हणायचे, मी छिन्नी बरोबर ठेवायचो आणि अंगणात बसून हंड्यावर बाईचं नाव कोरून द्यायचो, म्हणून लोक माझीच वाट पाहायचे. त्यातून भांडीबाजारातलं दुकान झालं, त्यातून मुंबईचा स्टीलचा धंदा झाला. तेव्हा बाबा, उद्या कामावर जा. एवढंच.

माझं तो ऐकणार नाही. तुमचं ऐकेल. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे.

तुमची वहिनी,
चंद्रभागा


तांबट लेन, नाशिक
१९ डिसेंबर १९८५

त्र्यंबकभाऊजी,

तुमच्या ऑफिसचं उत्तर मिळालं. छापील आहे. 'प्रिय विजयार्थी, आपल्या पत्रातील तळमळ आमच्यापर्यंत पोहोचली.' पुढे दुसऱ्या पायरीच्या शिबिराची माहिती आणि स्त्रियांना फीमध्ये सवलत. भाऊजी, मी विजयार्थी नाही. तुमच्या मुंजीत तुमचं सोवळं नेसवायला कोणी मिळेना तेव्हा नेसवलं ती मी. हे पत्र रजिस्टरनं पाठवते आहे, सही तुम्हालाच करावी लागेल.

भिका आता दर मंगळवारी येतो. कोळशाच्या खोलीत पोत्यावर मांडी घालून बसतो. कपडे काळे होतात ते मंगला धुते. मी पहिल्यांदा हाकलणार होते, पण तुमचे दादा म्हणाले, "बसू दे. कोळसा थोडाच खाणार आहे?"

मागच्या मंगळवारी मात्र गंमत झाली. दादा मठारकाम करत होते, बंबाच्या पत्र्यावर ठोक्यांच्या ओळी उठवत होते. भिका बाहेर आला आणि म्हणाला, "काका, जरा अर्धा तास ठोकायचं थांबवता का? ध्यान लागत नाय." दादांना ऐकू गेलं नाही. तो पुन्हा ओरडला. तेव्हा दादांनी मान वर न करता सांगितलं, "ओळ पुरी झाल्याशिवाय हात थांबवता येत नाही. मध्येच थांबलो तर पुढचा ठोका वेगळा दिसतो." आणि ओळ पुरी केली. मग हातोडी ठेवून खरंच थांबले, चहा घेतला, आणि भिका आत जाऊन बसला. मला हसूही येईना आणि रडूही.

त्याला मी सगळं सांगितलं. तुम्ही कसे फिरलात, पाय कसे फुटायचे, पावसाळ्यात घरी आलात की मी घंगाळात ऊन पाणी काढून ठेवायची. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वैनी, राग नका मानू. पण साहेबांनी पुस्तकात लिव्हलंय, आपण वर चढलो की घरचेच पाय वढतात. तुमी जळता त्यांच्यावर."

मी जळते! लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही सदऱ्याला नाक पुसत होता. तुमच्यावर काय जळायचं?

मंगला परवा येऊन गेली. ती पहाटेच्या ट्रकनं दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाते. घडातले मणी कात्रीनं विरळ करायचे, दिवसभर मान वर. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एवढंच म्हणाली, "मी वर बघून मान मोडते आन् हे डोळे मिटून बसत्यात. दोघांनाबी खाली बघाया सवड नाय." आणि कारखान्याचा कागद दाखवला. फेब्रुवारीच्या पंधरा तारखेपर्यंत हजर झाला नाही तर नाव कायमचं कमी. साहेब लोक भले दिसतात, एवढी मुदत कोण देतं? पण त्यानंतर तो पुन्हा मजूरच. ज्यातून सुटला त्यातच परत, आणि या वेळी बायकोला घेऊन.

म्हणून पुन्हा लिहिते. दोन ओळी. तुमच्या हाताच्या. छापील नकोत.

चंद्रभागा


तांबट लेन, नाशिक
१८ जानेवारी १९८६

त्र्यंबकभाऊजी,

रजिस्टरची पोच आली. सही तुमचीच आहे. उत्तर नाही. असो. तिळगूळ वेगळा पाठवलेला नाही, गोड बोलायची माझी तयारी नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारी डोक्यावर तांब्याचा हंडा घेऊन गल्लीत आली. एस.टी.नं पेठहून आली, स्टँडवरून चालत. हंडा बुडाला गळत होता. बरोबर भिका आणि मंगला. ती भिकाची आई, भिमाबाई. मंगलानं निरोप धाडून बोलावून घेतलं होतं, की लेकाला समजवा. ती लेकाला समजवायला आली आणि एवढ्या लांब येतेच आहे तर हंडाही दुरुस्त करून न्यावा म्हणाली. मला बाई पाहताक्षणीच आवडली.

दादांनी हंडा उलटा केला, फिरवला आणि त्यांचा हात थांबला. मला खूण केली. काठाखाली नाव होतं, 'सौ. भिमाबाई चंदर'. ठिपक्या-ठिपक्यांचं, जरा डावीकडे कललेलं. अक्षर तुमचं. तुमचं अक्षर मी कुठेही ओळखेन, पहिल्या वर्षी माझ्याच भांड्यांवर तुम्ही हात बसवलात. माझी एक परात अजून विद्रूप आहे.

मी विचारलं, हा हंडा कुठून घेतला? तर म्हातारीचा चेहरा असा उजळला, म्हणाली, "आमचा भांडीवाला यायचा ना, तिंबक. लय गुणी पोर. चार पावसाळे आमच्याच वट्यावर निजला. ह्यो भिका तवा पाळण्यात व्हता." मग आपणहून सांगत सुटली. पाण्यातून चालून तुमच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. रक्त यायचं. ती मोहाचं तेल कोमट करून लावायची. तुम्ही ओरडायचात आणि ती दटावायची. एकदा पाय इतके सुजले की तिच्या नवऱ्यानं, चंदरनं, तुम्हाला पाठीवर घेऊन पेठच्या मोटारीपर्यंत पोहोचवलं. ते आम्हाला तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत. चंदर आता नाही, हे तुम्हाला माहीत नसेल.

दादा सगळं ऐकत होते. म्हणजे तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, आणि त्यांना बहुतेक सगळं समजलं असावं, कारण हंड्याच्या बुडाला झाळ लावायला बसले ते पाठ करून.

भिकाचं तोंड उतरलं. पण हट्टी आहे. म्हणाला, "आई, तिंबक नावाचे धा असतील. साहेब ते नसतील." मी म्हटलं, अरे, मी त्यांची सख्खी वहिनी सांगते! शेवटी म्हणाला, नऊ फेब्रुवारीला साहेबांचं नाशिकला व्याख्यान आहे, शेवटी प्रश्न घेतात. "साहेबांनी सोताच्या तोंडानं सांगितलं की मी पायी फिरलो, तर मी दुसऱ्या दिवशी कामावर जातो. आईची शपथ." आणि आईच्या डोक्यावर हात ठेवला.

म्हणजे आता पोस्टकार्डसुद्धा नको. नुसतं हो म्हणायचं आहे. भिमाबाई त्या दिवशी येणार आहे. तिला तुम्हाला भेटायचंय, बाकी शिबिर वगैरे तिला काही कळत नाही. तुम्ही हो म्हणालात तर तुमचं काही जात नाही, भाऊजी. लोक उलट जास्त टाळ्या वाजवतील. मी तर उभी राहून वाजवीन.

मी दादांना म्हटलं, तुम्ही चार शब्द लिहा. ते म्हणाले, "त्याला आठवत असेल. पाय त्याचे आहेत."

चंद्रभागा


तांबट लेन, नाशिक
१३ फेब्रुवारी १९८६

त्र्यंबकभाऊजी,

रविवारी आम्ही आलो होतो. चौथ्या रांगेत डाव्या बाजूला. तुम्ही एकदा इकडे पाहिलंत आणि पुन्हा पाहिलं नाहीत, म्हणून मंडपात काय झालं ते मी तुम्हाला सांगत बसणार नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही गाडीत बसून गेल्यावर काय झालं ते ठाऊक नाही. त्यासाठी लिहिते.

तरी एवढं मांडलंच पाहिजे, कारण तुम्ही वरून पाहिलंत आणि आम्ही खालून. तुमचं बोलणं चांगलं होतं. लोक माना डोलावत होते. दादांना शब्द ऐकू येत नव्हते, पण एवढी माणसं भावासाठी टाळ्या वाजवताहेत हे दिसत होतं. ते प्रत्येक वेळी वाजवत होते. 'माझा भाऊ जन्मभर हातोडी मारत राहिला' यालाही लोकांनी हसून टाळ्या दिल्या, आणि त्यांच्याबरोबर दादांनीही दिल्या. मी त्यांचा हात धरला नाही. धरून काय सांगणार होते?

मग प्रश्नांची वेळ झाली. भिका चिठ्ठी लिहीत होता. तेवढ्यात भिमाबाई उठली आणि सरळ पायऱ्या चढून वर गेली. तिला कोणी अडवलंही नाही, सत्काराला आली असेल असं वाटलं असावं. काखेत एक फडक्याची पुरचुंडी. तुमच्या समोर उभी राहिली आणि माईकमधून सगळ्या मंडपाला ऐकू गेलं, "तिंबक, पाय बरं हायेत का रं आता?"

मी इकडे दोन्ही हात जोडून बसले होते. खोटं सांगत नाही.

तुम्ही हसून म्हणालात, "माई, आपली कोणाशी तरी गल्लत होते आहे. मी आयुष्यात कधी दारोदार भांडी विकली नाहीत." भाऊजी, भांड्यांचं नाव तिनं काढलंच नव्हतं. पण लोकांना कुठे ते लक्षात येतंय! एक स्वयंसेवक तिला हाताला धरून खाली घेऊन आला. तुम्ही पुढच्या चिठ्ठीकडे वळलात.

मी उठून ओरडणार होते. खरंच उठले होते. दादांनी पदर धरून खाली बसवलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण भाऊ म्हातारीला ओळख देत नाही हे दिसायला कान लागत नाहीत. त्यानंतर त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाहेर आलो. मंगला रडत होती. भिका पुढे चालू लागला. मला वाटलं, गेलं. साहेबांनी नाही म्हटलं, आता हा जन्मभर पोत्यावर बसणार. रविवार कारंज्याच्या चौकापर्यंत तसेच चालत आलो. तिथे तो एकदम उभा राहिला आणि मला म्हणाला, "वैनी, त्यांनी पायाकडं पाह्यलं."

मी विचारलं, कोणी?

"साहेबांनी. आईनं पाय म्हनलं आन् त्यांनी आधी खाली सोताच्या पायाकडं पाह्यलं. मंग नाय म्हनले." आणि थोड्या वेळानं, "ज्याचं दुखलंच नाय तो कशाला बघंल?"

सोमवारी पहिल्या पाळीला तो कारखान्याच्या गेटवर होता. तिथल्या साहेबानं तासभर उभं केलं, तोंड सोडलं, लेखी ताकीद दिली आणि घेतलं. मशीन बदललंय, आधीचं दुसऱ्याला दिलं होतं, हे जड आहे म्हणतो. काल येऊन मला सांगून गेला. तुमचं पुस्तक परत करायला आणलं होतं, जणू ते आमचंच. मी घेतलं. वाईट तुम्हाला काहीच म्हणाला नाही तो. मी म्हणत होते तर मलाच गप्प केलं.

तर भिकाचं काम झालं. तुमच्या 'नाही'नं झालं, 'हो'नं झालं असतं तर मला तुमच्याशी भांडायचं कारण उरलं नसतं.

राहिली भिमाबाई. त्या रात्री ती आमच्याकडेच उतरली. मला वाटत होतं तिला फार लागलं असेल. तिला काहीच लागलं नव्हतं. पिठलं-भाकरी नीट जेवली आणि म्हणाली, "पोरी, तुमची समद्यांची फसगत झाली. ह्यो आपला तिंबक नाय. मी जवळून बघितला ना. त्यो असता तर पायाच पडला असता. लय गुणी व्हता, वळख नाय इसरायचा."

मग माझ्याकडे वळून तिनं सरळ विचारलं, "तू खरं सांग. ह्यो तुजा दीर हाय?"

दादा समोर बसले होते. तिनं मोठ्यानं विचारलं होतं, त्यांना ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजी, मी म्हटलं, "नाही आई. हा दुसरा कोणीतरी आहे."

"मंग तुजा कुठंय?"

"बाहेरगावी असतो," मी म्हटलं. दादांनी मान खाली घातली, पण नाही म्हणाले नाहीत.

तिचं समाधान झालं. मग तिनं ती पुरचुंडी सोडून मला दाखवली. नागली आहे, नवी, निवडून पाखडून आणलेली. तुम्हाला तिच्या हातची नागलीची भाकरी आवडायची म्हणे. मंडपात ती तुमच्यासाठीच वर घेऊन आली होती आणि परत घेऊन खाली उतरली, कारण तिच्या हिशेबानं ते तुम्ही नव्हताच. फडक्याची गाठ पुन्हा घट्ट मारून तिनं ती माझ्या हातात दिली. "तुजा दीर आला म्हंजी त्याला दे. दुसऱ्या कुनाला देऊ नको."

दुसऱ्या कोणाला मी नाही देणार. डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवली आहे. दादांनीही अजून विचारलं नाही की भाकरी कधी करतेस.

नागलीला कीड लवकर लागत नाही.

चंद्रभागा